विषुववृत्तावरच्या आभाळाचा अभ्यासक्रम

थंड हवेची पाचर उबदार हवेखाली घुसते, उबदार हवा वर उचलली जाते, ढग बनतात आणि पाऊस पडतो. हवामानशास्त्राच्या पुस्तकातली ही ‘आघाडी’ची आकृती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतल्या बर्गन शहरात याकोब ब्यर्कनेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली. युरोपच्या हवेला ती इतकी चपखल बसली, की शंभर वर्षं झाली तरी तिची जागा कुणी घेतलेली नाही. अडचण एवढीच, की नैरोबीत अशा आघाड्या येत नाहीत. तिथल्या विद्यार्थ्याला ही आकृती परीक्षेपुरती शिकावी लागते आणि डोक्यावरच्या आभाळासाठी दुसरंच काही शिकावं लागतं. आफ्रिकेतलं हवामानशास्त्राचं शिक्षण कसं चालतं, हे या अडचणीपासून सुरुवात केली की नीट कळतं.

हवामानतज्ज्ञ म्हणवून घ्यायला किमान काय यायला हवं, हे जागतिक हवामान संघटनेनं ठरवून दिलेलं आहे. आधी गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया. मग चार मोठे विषय: ढग, पाऊस, किरणोत्सर्ग यांचं भौतिकशास्त्र, हवेच्या गतीची समीकरणं, नकाशावरून आणि उपग्रहचित्रांवरून हवामानाची घडण ओळखणं, आणि हवामानाचा दीर्घकालीन अभ्यास. ओस्लो असो, पुणे असो की नैरोबी, यादी हीच. एकाच आकाशातून उडणाऱ्या वैमानिकाला प्रत्येक विमानतळावर वेगळ्या पद्धतीचा अंदाज देऊन चालत नाही, हे त्यामागचं एक व्यवहारी कारण.

नैरोबी विद्यापीठाच्या चिरोमो आवारातला विभाग हे शिक्षण १९६०च्या दशकापासून देतो आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कितीतरी हवामान खात्यांचे अधिकारी तिथून शिकून बाहेर पडले. अलीकडच्या फेररचनेत तो भूशास्त्राच्या जोडीनं ‘पृथ्वी आणि हवामान विज्ञान’ या नावाखाली गेला. शहराच्या दुसऱ्या अंगाला, डागोरेटी कॉर्नरला, केनियाच्या हवामान खात्याचं मुख्यालय आहे आणि तिथेच खात्याची प्रशिक्षण संस्था. विद्यापीठात समीकरणं, खात्यात उपकरणं, अशी ही ढोबळ वाटणी आहे.

उपकरणांपासून सुरुवात करू. तापमापक ठेवायची झडपांची पांढरी पेटी आपल्याकडच्या वेधशाळेतही दिसते. पेटीचं दार उघडताना तापमापकावर ऊन पडता कामा नये, म्हणून लंडनमध्ये ते उत्तरेकडे उघडतं आणि केप टाउनमध्ये दक्षिणेकडे. नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश दक्षिणेला. तिथे वर्षातला जवळपास अर्धा काळ दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि उरलेला दक्षिणेला. म्हणून अशा ठिकाणच्या पेटीला दोन्ही बाजूंनी दारं ठेवायची आणि ऋतूप्रमाणे दार बदलायचं. वेळांचंही तसंच. जगभरची निरीक्षणं एकाच घटकेला घ्यायची असतात. पुण्यात सकाळी साडेआठची नोंद घेतली जाते तेव्हा नैरोबीत सहा वाजलेले असतात. पहाटे तीनच्या नोंदीसाठी मात्र कुणीतरी जागं राहावंच लागतं. ही शिस्त अंगवळणी पडली नाही तर पुढची सगळी समीकरणं वाया.

आता वर्गात. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ न जाता वळतो, याला पृथ्वीचं फिरणं कारणीभूत असतं. हा वळवण्याचा जोर ध्रुवांवर सर्वांत जास्त आणि विषुववृत्तावर शून्य. नैरोबीच्या अक्षांशावर तो बर्गनच्या तुलनेत चाळीसाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. त्यामुळे युरोपच्या नकाशावर समदाब रेषा पाहून वारा कुठून आणि किती जोरात वाहतो हे सांगता येतं. केनियाच्या नकाशावर ती युक्ती चालत नाही. शिवाय उष्ण कटिबंधात वायुदाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो. हवामान बदलो न बदलो, ही भरती-ओहोटी चालूच. तिच्याखाली खरा बदल दडून जातो. म्हणून तिथे विद्यार्थी समदाब रेषांऐवजी वाऱ्याच्या प्रवाहरेषा काढायला शिकतो आणि दोन प्रवाह कुठे एकत्र येतात ते शोधतो. हवा जिथे एकत्र येते तिथे तिला वर जाण्यावाचून मार्ग नसतो.

पाऊसही वेगळ्या जातीचा. उन्हानं तापलेली दमट हवा उसळते आणि काही तासांत गडगडाटी ढग उभा राहतो. उकळत्या डाळीत बुडबुडे येणार हे नक्की सांगता येतं, पण पुढचा बुडबुडा कुठे फुटेल ते सांगता येत नाही. इथेही तसंच होतं. मोठमोठ्या संगणकीय प्रारूपांची मजल इथे फार जात नाही. उत्तर उष्णकटिबंधीय आफ्रिकेतल्या पावसाच्या अंदाजांची २०१८ मध्ये छाननी झाली. जगातल्या नामांकित केंद्रांच्या प्रारूपांचे कच्चे अंदाज त्या-त्या तारखेच्या जुन्या सरासरीपेक्षा क्वचितच सरस होते, असं तीत दिसलं. मग पदवीधरानं करायचं काय? तर दर पंधरा मिनिटांनी येणारं मेटिओसॅट उपग्रहाचं चित्र समोर ठेवायचं, ढगांचे माथे किती थंड आहेत ते पाहायचं आणि पुढच्या दोन-चार तासांपुरतं बोलायचं. व्हिक्टोरिया सरोवरात रात्री मासेमारीला जाणाऱ्या होडीसाठी ते दोन-चार तासच महत्त्वाचे असतात.

या अभ्यासाचा आपल्याशीही संबंध आहे. गिल्बर्ट वॉकर भारताच्या वेधशाळा खात्याचे प्रमुख होते तेव्हा, विसाव्या शतकाच्या आरंभी, मान्सूनच्या भाकितासाठी झांझिबारचा पाऊस हिशेबात धरत. १९६९ मध्ये फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं केनियातल्या वाऱ्याच्या नोंदी तपासून दाखवलं, की उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या मान्सूनच्या महिन्यांत, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान झोत पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना घासून विषुववृत्त ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून भारताकडे वळतो. आपल्या बातम्यांतला ‘सोमाली जेट’ तो हाच. कोकण किनाऱ्यावर येणारी वाफ त्याच्याच पाठीवरून येते.

दुसरा झोत सापडला तो तर पुण्याच्या माणसाच्या हातून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेशी जोडलेले जी. सी. असनानी नैरोबी विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी आणि केनियाच्या जे. एच. किनुथिया यांनी १९८२ मध्ये उत्तर केनियातल्या एका नव्या झोताची नोंद प्रसिद्ध केली. इथिओपियाचं पठार आणि पूर्व आफ्रिकेचा उंचवटा यांच्यामध्ये एक खिंडार आहे. हिंदी महासागरावरून येणारा वारा त्यात कोंडला जातो आणि वेग पकडतो; रात्री आणि पहाटे त्याचा जोर जास्त. भूगोलाचा हा एक तपशील तिथला तुर्काना प्रदेश इतका कोरडा का याचं बरंचसं उत्तर देतो: वाफ येते, पण थांबत नाही, खिंडारातून पुढे आफ्रिकेच्या आत निघून जाते. २०२१ मध्ये केनियाच्या हवामान खात्यानं आणि ब्रिटिश संशोधकांनी तिथे मुद्दाम फुगे सोडून हा झोत पुन्हा मोजला. त्याच वाऱ्यावर आज तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या फिरतात. असनानींनी पुढे उष्णकटिबंधीय हवामानशास्त्रावरचा आपला जाडजूड ग्रंथ पुण्यातून स्वतःच छापला. प्रकाशकाची वाट न पाहण्याचा हा पुणेरी बाणा मला तरी आवडतो.

विद्यार्थ्याची खरी कसोटी हंगामी अंदाजात लागते. पूर्व आफ्रिकेत विषुववृत्ताजवळ पावसाचे दोन हंगाम असतात: मार्च ते मे हा लांब पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर हा आखूड पाऊस. समजा, एका गावाचा आखूड पाऊस सांगायचा आहे. १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या त्या हंगामाच्या बेरजा चढत्या क्रमानं मांडायच्या. सर्वांत कमी पावसाची दहा वर्षं एका गटात, मधली दहा दुसऱ्यात, सर्वांत जास्त पावसाची दहा तिसऱ्यात. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता एक तृतीयांश. आता समुद्राकडे पाहायचं. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा उबदार आणि सुमात्राकडचा थंड असेल, तर आखूड पाऊस जोर धरतो. समुद्राच्या या झुल्याचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुढे पुण्याच्या त्याच संस्थेचे संचालक झालेले बी. एन. गोस्वामी होते. मान्सूनच्या बातम्यांत ‘आयओडी’ म्हणून येतो तो हाच. अशा वर्षी विद्यार्थी जुन्या नोंदींतून हिशेब करून, उदाहरणार्थ, ५०-३०-२० असं लिहितो: जास्त पावसाची शक्यता पन्नास टक्के, सरासरीइतक्याची तीस, कमीची वीस.

अंदाजाचा मजकूर इथे संपतो आणि गैरसमज इथूनच सुरू होतात. कमी पाऊस पडला की लोक म्हणणार, अंदाज चुकला. पण वीस टक्के म्हणजे पाचातला एक हंगाम. तो यंदा येणार नाही असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. शेतकऱ्याला टक्के ऐकवून उपयोग नसतो. मका लावू की ज्वारी, खताला पैसे घालू की नको, हे त्याला ठरवायचं असतं. म्हणून आता काही अभ्यासक्रमांत आणि प्रकल्पांत अंदाजाआधी गावाच्याच जुन्या पावसाचे आलेख शेतकऱ्यांपुढे ठेवून त्यांच्यासोबत बसण्याची पद्धत शिकवतात. पश्चिम केनियात ङगान्यी घराण्यातले परंपरागत पाऊस सांगणारे आणि खात्याचे तज्ज्ञ एकत्र बसून अंदाज जुळवतात, असाही प्रयोग झाला. हा दिखावा आहे, असं कुणी म्हणेल. मला तो उपयोगी वाटतो. गावात ज्याचा शब्द चालतो त्याच्या तोंडून शास्त्रीय अंदाजही लवकर पोचतो.

शेजारी-शेजारी देशांचे अंदाज सीमेवर एकमेकांना छेद देऊ लागले तर पंचाईत. म्हणून १९९८ पासून पूर्व आफ्रिकेतल्या देशांचे हवामानतज्ज्ञ हंगामाआधी एकत्र जमून सामाईक अंदाज काढतात. नैरोबीचं प्रादेशिक हवामान केंद्र, इकपॅक, ही बैठक घडवतं. ते उभं करण्यात नैरोबी विद्यापीठातले प्राध्यापक लाबान ओगालो यांचा मोठा वाटा. बैठकीआधी तरुण तज्ज्ञांना आठवडाभर संगणकावर बसवून तालीम देतात. पूर्वी चर्चेनं टक्के ठरत. आता प्रारूपांच्या निकालातून ते काढायचे आणि कसे काढले हे लिहून ठेवायचं, असा आग्रह आहे. हा बदल योग्यच होता. चर्चेत सगळेच सावध होतात आणि अंदाज मधल्या गटाकडे सरकतो.

लांब पावसाचं मात्र गणित जमत नाही. समुद्राशी त्याचा धागा कमजोर आहे. गेल्या काही दशकांत तो बराच काळ घटताना दिसला, तर भविष्याची प्रारूपं तो वाढेल म्हणतात. २०२०च्या अखेरीपासून २०२२च्या अखेरीपर्यंत सलग पाच पावसाळी हंगाम कोरडे गेले. सोमालिया, दक्षिण इथिओपिया आणि उत्तर केनियात लाखो गुरं मेली. पीएचडीचे विषय इथे कमी पडणार नाहीत.

पश्चिम आफ्रिकेची व्यवस्था वेगळी. नायजरच्या नियामेत तीन प्रादेशिक संस्था एकाच शहरात आहेत: फ्रेंच भाषक देशांसाठी विमानवाहतूक आणि हवामानाची शाळा, सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या दुष्काळानंतर १९७४ मध्ये निघालेलं शेती आणि पाण्याच्या हवामानाचं केंद्र अ‍ॅग्रिमेट आणि पुढे १९८७ मध्ये स्थापन झालेलं आफ्रिकन हवामान केंद्र, अकमॅड. जर्मन पैशांवर २०१२ पासून चालणाऱ्या वास्कल या प्रादेशिक केंद्रानं विषय देशांत वाटून दिले आहेत. हवामान प्रणालीवर पीएचडी करायची तर नायजेरियातल्या आकुरेला, पाण्यावर करायची तर बेनिनला, अर्थकारणावर तर डाकारला. दक्षिणेला केप टाउन आणि प्रिटोरियाची विद्यापीठं बरीच पुढे आहेत. त्यांच्याबद्दल स्वतंत्रच लिहायला हवं.

या सगळ्यात सर्वांत तुटपुंजी गोष्ट कुठली? प्राध्यापक नव्हेत, संगणकही नव्हेत. नोंदी. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं आफ्रिकेतल्या जमिनीवरच्या केंद्रांची दाटी किमान गरजेच्या आठव्या हिश्श्याइतकीच भरत होती. जुन्या नोंदवह्या कागदावर पडून आहेत, काहींना वाळवी लागली. जे आकडे आहेत ते अनेक खाती विकत देतात, कारण सरकारकडून मिळणारा निधी पुरत नाही. मग विद्यार्थी उपग्रह आणि केंद्रांच्या नोंदी मिसळून बनवलेली, १९८१ पासूनची, फुकट मिळणारी परदेशी माहिती वापरतो आणि आपल्याच जिल्ह्याचा पाऊस अमेरिकेतल्या संगणकावरून उतरवून घेतो. टाहमो या उपक्रमानं शाळांच्या आवारात हलते भाग नसलेली स्वयंचलित केंद्रं बसवली. वर्ग त्यांची राखण करतो आणि आकडेही शिकतो. कल्पना चांगली, पण खात्याच्या पर्जन्यमापकाची जागा ती घेऊ शकत नाही.

पदवी घेतल्यावर नोकरी देणारं बहुतेक देशांत मुख्यतः सरकारी हवामान खातंच, आणि त्यातल्या जागा मोजक्या. माझं मत विचाराल तर नवी पदव्युत्तर केंद्रं काढण्याआधी दोन गोष्टींवर पैसा खर्च व्हावा: दूरच्या केंद्रावरच्या निरीक्षकाचा नियमित पगार आणि कपाटांतल्या वह्या संगणकात उतरवण्याचं काम. प्रकल्पाचा पैसा तीन-पाच वर्षांत संपतो; या दोन्ही कामांना वर्षानुवर्षं चालणारा पैसा लागतो, आणि आज तोच सर्वांत कमी मिळतो.