विहिरीतले आडवे बोअर आणि अमेरिकेचे शेल तेल

उन्हाळा लागला की वरुड-मोर्शीच्या संत्रा बागांत एकच चर्चा असते, "भाऊ, विहिरीत आडवे बोअर मारून घ्यायचे का?" मशीन विहिरीत उतरवून बाजूच्या खडकात आडवे छिद्र पाडायचे, एवढेच ते काम. अमेरिकेतल्या कंपन्यांनी शेल तेलासाठी हीच आडवी वाट धरली. दोन्हींतला फरक आम्ही वर्गात मुलांना सांगतो, तोच इथे मांडतो आहोत.

शेल म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला थरांचा दगड. तेलाचा थर बहुधा दोन-तीन किलोमीटर खोल असतो. त्याची जाडी कमी, पसारा मोठा. उभे छिद्र थराला आरपार छेदून जाते, तेल मात्र थोडेच हाती लागते. म्हणून आधी उभे खोदायचे, मग पाइपाच्या टोकाला किंचित वाकडी मोटर लावायची. वरून दाबाने सोडलेल्या पातळ चिखलावर ती फिरते आणि छिद्र हळूहळू आडवे वळते. पुढे थराच्या पोटातून दोन-तीन किलोमीटर जाता येते.

पण हा दगड इतका घट्ट की तेल आपणहून वाहत नाही. मग वाळू मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने सोडून भेगा पाडतात. वाळूचे कण भेगा मिटू देत नाहीत. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकात याची स्वस्त रीत बसवली. २००२ नंतर तिला आडव्या विहिरींची जोड मिळाली. अशा एका विहिरीला अर्धा कोटी ते सहा कोटी लिटर पाणी लागू शकते!

आपल्याकडे काळा पाषाण. त्यात पाणी असते ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. आपले आडवे बोअर दगड फोडत नाही, आधीच असलेल्या भेगा विहिरीला जोडते. म्हणजे नवे पाणी तयार होत नाही, आजूबाजूच्या शिवारातले पाणी आपल्या विहिरीत लवकर येते. पाऊस मुरलाच नसेल तर बोअर कोरडेच जाणार. आणि अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणीच खारे, तिथे बोअरने गोडे पाणी कुठून येणार?

म्हणून कर्ज काढून मशीन बोलावण्याआधी भूजल सर्वेक्षण विभागाला विचारा. शेततळे, बांध, विहीर पुनर्भरण आधी करा. तेल एकदा काढले की संपले. पाणी मात्र दर पावसाळ्यात परत येते, आपण मुरू दिले तर.