तंटा आणि तडजोड

शेताचा बांध वीतभर सरकला, की भाऊबंदांत तंटा उभा राहतो. जालना जिल्ह्यात अंबड असो वा भोकरदन, बहुतेकांचा संसार शेतीवर चालतो. म्हणून बांध, पाणी आणि गाडीवाट यांवरून होणारी भांडणे तेथे अपरिचित नाहीत. न्यायालयाच्या निकालाने एक पक्ष जिंकतो व दुसरा हरतो; परंतु दोघांची शेते शेजारीशेजारीच राहतात, आणि मनातील अढीही तशीच राहते.

यावर सामोपचार हा उत्तम उपाय आहे. मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नव्हे. तो उभयतांचे म्हणणे शांतपणे ऐकतो, एकांतात सांगितलेले गुप्त राखतो. परंतु निर्णय स्वतः देत नाही. सरकारी मोजणी करवून खुणेचे दगड रोवावेत, खर्च निम्मानिम्मा सोसावा, असा तोडगा त्या दोघांनीच काढावयाचा असतो. स्वतः दिलेला शब्द मनुष्य सहसा मोडत नाही.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आरंभिली आणि गावोगावी तंटामुक्त समित्या स्थापन झाल्या. न्यायालयांतील दाव्यांसाठी लोकअदालती भरतात. १९८७ च्या कायद्याने तेथील तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ दिले आहे. तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही.

मात्र सामोपचार म्हणजे दुर्बलाने निमूटपणे अन्याय सोसणे नव्हे. गंभीर गुन्ह्याचा न्याय न्यायालयातच व्हावयास हवा. जेथे दोन्ही पक्ष निर्भयपणे बोलू शकतात, तेथे झालेली तडजोडच टिकते.