विलायतेतील तरुण मतदार

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचा गुरुवार जवळ येऊ लागला, की तरुण मतदार या खेपेस घराबाहेर पडेल काय, ही चिंता प्रत्येक पक्षाच्या कचेरीत सुरू होते. आणि ती अनाठायी नाही, कारण 1950 साली जेथे शेकडा 84 मतदारांनी आपला हक्क बजावला, तेथे 2001 आणि 2024 या दोन्ही साली हे प्रमाण शेकडा 60 च्या आतच राहिले, आणि वृद्धांच्या मानाने तरुणांची हजेरी तर फारच तोकडी पडली.

याला औदासीन्य म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. पूर्वी इंग्लंडात कुटुंबप्रमुख एकाच अर्जात घरातील सर्वांची नावे दाखल करी. 2014 पासून प्रत्येकाने स्वतंत्र नोंदणी करावी असा दंडक आला, आणि दरसाल भाड्याची खोली बदलणारा विद्यार्थी यादीतून निसटू लागला. त्यात 2022 च्या कायद्याने छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे झाले. 2024 साली मतदानकेंद्रात आजोबांनी ज्येष्ठांचा बसपास दाखवला, तर मतपत्रिका तत्काळ त्यांच्या हाती पडे. नातीने विद्यापीठाचे ओळखपत्र पुढे केले, तर मात्र ते नामंजूर होई.

राष्ट्रकुलाचे नागरिक या नात्याने तेथे कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या आपल्या मराठी विद्यार्थ्यांनाही हा मताधिकार आहे. यादीत नाव असले, तर रात्री 10 पर्यंत त्यांनाही मतदानकेंद्रातील आडोशातल्या पेन्सिलीने मतपत्रिकेवर फुली मारता येते.