सातबाऱ्यावर तिचं नाव (लेखांक ७)

आज ट्रस्टबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. ते राहू द्या. समुद्रपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांची गाडी ट्रस्टच्या कितीतरी आधीच अडली आहे.

यजमान मृत्युपत्र न करता गेले. मागे त्यांनी स्वतः घेतलेलं आठ एकर वावर, दोन मुलगे आणि 34 वर्षांची बौद्धिक अक्षम मुलगी. वारसनोंदीचा अर्ज भरताना घरातले एक वडीलधारे म्हणाले, "तिचं नाव कायले टाकता? तिले वाटा नसते!"

त्यांना खोटं ठरवू नका. ते फक्त सत्तर वर्षं मागे आहेत. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरेत जन्मांध, पांगळा, वेडा यांना वाटा नव्हता; भावांनी त्यांना जन्मभर पोसावं, एवढंच. 1928 च्या कायद्याने आंधळे-पांगळे सुटले. जन्मापासून वेड्या किंवा जडबुद्धी माणसाला मात्र त्यातूनही वगळलेलंच ठेवलं! शेवटी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 28 ने ती अट मोडली : रोग, व्यंग, दोष यांपैकी कशानेही वारसाहक्क जात नाही. म्हणजे आई, दोन भाऊ आणि ती, असे चार सारखे वाटे. दोन एकर तिचे.

याच घरात दुसरी युक्ती निघाली आहे : नाव लावू, मग अंगठा घेऊन हक्कसोड करू. हे भावांच्याच गळ्यात येईल. व्यवहार ज्याला समजत नाही, त्याचा करार कायद्याने ठरत नाही. आईनेही तिच्या वतीने सही करून चालणार नाही. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा असतो, तो अठराच्या आतल्यांसाठी. अठरा पूर्ण झाली की कायद्याला ती सज्ञान दिसते आणि आईबापाचं आपोआप आलेलं पालकत्व संपतं. किती घरांना हे बापाच्या तेराव्यानंतर कळतं!

मग पालक कुठून आणायचा? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. ताईंनी वर्ध्याला तिच्याकडे अर्ज करायचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच ही वाट आहे. नुसता मानसिक आजार असेल तर ती नाही, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर मार्चअखेरनंतर तीन महिन्यांत जमाखर्च दाखवायचा. मला या कायद्यातली ही हिशेबाची वही सगळ्यात आवडते. गांधीजींनी विश्वस्त हा शब्द ज्या जिल्ह्यात राहून रुजवला, तिथे तरी ती कुणाला जड वाटू नये. तिच्या दोन एकरांत किती कापूस निघाला आणि पैसा कुठे गेला, हे भावाला लिहून द्यावं लागतं.

ताई, वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) द्यायची असते. अर्जात चौघांची नावं लिहा, पोच घ्या आणि फेरफार मंजूर होण्याआधी तिचं नाव त्यात आहे ना, ते स्वतः वाचा. हक्कसोडीचा कागद पुढे आला तर अंगठा लावू देऊ नका. ट्रस्टचं पुढच्या आठवड्यात बघू.