धातूच्या थरांतून घडणारी बंदूक आणि जुन्या शस्त्रांची परीक्षा

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांस आजवर एका गोष्टीचा मोठा आधार वाटत आला आहे. सनदेंतील तिथि मागाहून घातलेली असूं शकेल, शिक्का बनावट असूं शकेल. परंतु बंदुकीच्या नळीवरील सांधा, कानशीचा ओरखडा व घणाचा ठसा हे ज्या काळचे त्याच काळचे असतात, या विश्वासावर आपल्या संग्रहांतील कितीतरी नोंदी उभ्या आहेत. गेल्या कांहीं वर्षांत धातूची भुकटी थरावर थर वितळवून वस्तु उभी करण्याची जी नवी रीति प्रचारांत आली आहे, तिच्यामुळें हा आधार पुन्हां तपासून पाहणें अवश्य झालें आहे. ही रीति काय आहे, बंदूक घडविण्याच्या परंपरेंत तिचें स्थान कोठें लागतें आणि जुन्या वस्तूंच्या परीक्षकानें तिच्यासंबंधीं कोणती सावधगिरी बाळगावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

तोफ किंवा बंदूक घडविण्याच्या रीति मुळांत तीन. पहिली ओतण्याची. विजापूरची मुलुखमैदान तोफ हें तिचें आपल्या परिचयांतील उत्तम उदाहरण होय. ही सुमारें ५५ टन वजनाची तोफ महंमद नांवाच्या रूमी कारागिरानें हि. स. ९५६, म्हणजे इ. स. १५४९ मध्यें अहमदनगर येथें ओतली. दुसरी रीति जोडण्याची. पुढें व्यंकोजी राजांच्या वंशाकडे आलेल्या तंजावरांत जी प्रचंड लोखंडी तोफ आहे, ती ओतलेली नसून लांब पट्ट्या एकमेकींस लावून व त्यांवर तापलेलीं कडीं चढवून सिद्ध केलेली आहे. एडिंबरो येथील १४४९ सालची मॉन्स मेग ही तोफहि याच जातीची. तिसरी रीति कोरण्याची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मारिट्झ या स्विस कारागिरानें तोफ प्रथम भरीव ओतून मग यंत्रानें तिचें पोट कोरण्याची पद्धति प्रचारांत आणिली, आणि तेव्हांपासून युरोपांत कोरण्याचें महत्त्व वाढत गेलें. पहिल्या रीतींत सांचा मुख्य, दुसरींत सांधा मुख्य व तिसरींत हत्यार मुख्य.

हातांतील बंदुकीच्या बाबतींत आपल्याकडील सर्वांत मोलाचा पुरावा अबुल फजल याच्या ऐन-इ-अकबरींत सांपडतो. अकबराच्या कारखान्यांत नळी कशी करीत, हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. लोखंड ठोकून सपाट करावें, तें तिरपें गुंडाळीत जावें, गुंडाळीचे कांठ एकमेकांस नुसते न भिडवितां एकावर एक येतील असे ठेवावे व हळूहळू तापवून जोडावे, ही एक रीति. लोखंडाच्या दंडगोल तुकड्यांस तापल्या स्थितींत लोखंडी सळईनें भोंक पाडावें व असे तीन चार तुकडे मिळून एक बंदूक करावी, ही दुसरी. नळ्या आंतून घासून साफ करण्यासाठीं बैलाच्या बळावर चालणारें एक चक्रहि होतें. त्यावर एकाच वेळीं सोळा नळ्या साफ होत. चितोडच्या वेढ्यांत १५६८ सालीं जयमलावर गोळी झाडली ती अकबराची संग्राम नांवाची बंदूक याच बादशाही शस्त्रागारांतील होय.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें ऐनांतील याहून महत्त्वाचा भाग नोंदीचा आहे. कच्च्या व घडलेल्या लोखंडाचें वजन, लोखंड कोठून आणिलें तें ठिकाण, कारागिराचें नांव, बंदूक केल्याचें ठिकाण, साल व अनुक्रमांक इतक्या गोष्टी बंदुकीवर कोरण्याचा तेथें नियम होता. म्हणजे वस्तु व तिची वंशावळ एकाच लोखंडावर राहत असे. या नियमाकडे आपणांस शेवटीं पुन्हां वळावयाचें आहे.

आतां नवी रीति पाहूं. तींत प्रथम वस्तूचा आराखडा संगणकावर तयार करितात व त्याचे आडवे छेद पाडितात. यंत्राच्या पेटींत धातूच्या अत्यंत बारीक भुकटीचा एक पातळ थर पसरला जातो. हा थर मिलिमीटराच्या कांहीं शतांश भागांइतकाच जाड असतो. आराखड्यांतील छेदाप्रमाणें लेसर किरण त्या थरावर फिरतो, आणि जेथें फिरतो तेथली भुकटी वितळून खालच्या थरास चिकटते. मग पेटीचा तळ किंचित् खालीं उतरतो, नवा थर पसरतो व किरण पुन्हां फिरतो. धातु हवेनें बिघडूं नये म्हणून पेटींत आर्गनासारखा निष्क्रिय वायु भरलेला असतो. याप्रमाणें हजारों थर बसल्यावर वस्तु भुकटींतून बाहेर काढावयाची, तिला दिलेले टेकू तोडावयाचे, तापवून तिच्यांतील ताण घालवावयाचा व शेवटीं ती घासूनपुसून घ्यावयाची.

या रीतीनें केलेलें पहिलें धातूचें पिस्तूल अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत ऑस्टिन येथें सॉलिड कन्सेप्ट्स या कंपनीनें नोव्हेंबर २०१३ मध्यें प्रसिद्ध केलें. ब्राउनिंग यानें योजिलेलें व अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलेलें पिस्तूल त्यासाठीं नमुना म्हणून घेतलें होतें. त्याचे तीसांहून अधिक भाग न गंजणारें पोलाद व इंकोनेल नांवाची निकेलची मिश्रधातु यांचे होते. नळीच्या आंतील मळसूत्री खांचासुद्धां हत्याराने न पाडतां थरांतूनच उठविल्या होत्या. त्यांतून प्रथम ५० गोळ्या झाडून पाहिल्या गेल्या व पिस्तूल टिकलें. पुढें अमेरिकन सैन्याच्या संशोधकांनीं याच मार्गानें एक गोळेफेकी बंदूक केली व १२ ऑक्टोबर २०१६ रोजीं पिकॅटिनी येथें ती झाडून पाहिली. तिच्या अल्युमिनियमच्या नळीस व मुख्य सांगाड्यास सुमारें ७० तास लागले आणि मागाहूनच्या सफाईस सुमारें ५ तास. दोन्ही ठिकाणीं स्प्रिंगा मात्र थरांच्या नव्हत्या; त्या नेहमींच्याच घ्याव्या लागल्या.

या वृत्तांवरून जुन्या बंदूककारागिराचें काम संपलें असें अनुमान काढणें घाईचें होईल. ऑस्टिनचे भाग यंत्रांतून निघाले तरी ते जुळवितांना हातानें घासावे लागले. एक साधें पिस्तूल करण्यास ही रीति महागच पडते. तिचा खरा उपयोग जेथें हत्यार पोंचत नाहीं तेथें आहे. आवाज दाबणाऱ्या नळकांड्याच्या आंतील वेड्यावांकड्या वाटा कोरून काढणें दुर्घट असतें, त्या थरांतून सहज उठतात. म्हणून शस्त्रांच्या धंद्यांत तिनें प्रथम पाय रोंवला तो अशा भागांत. शिवाय हाताच्या जुळणीवर खरा आघात याच्या कितीतरी आधीं झाला होता. १७८५ सालीं पॅरिस येथें ब्लाँ या कारागिरानें कोणत्याहि बंदुकीच्या चांपाचा भाग दुसरीस बसतो हें जेफर्सन यास दाखविलें, त्या दिवसापासून मापाचा सांचा हा कारागिराच्या डोळ्याचा प्रतिस्पर्धी झाला.

परंपरा कशी तुटते याचें दुसरेंहि उदाहरण ध्यानांत घेण्याजोगें आहे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून व जोडून केलेल्या लहरदार नळ्यांसाठीं बेल्जममधील लीएज व त्याजवळील व्हेस्द्र नदीचें खोरें विख्यात होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ओतीव पोलाद स्वस्त झालें, त्याच्या एकसंध नळ्या निघूं लागल्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती विद्या जवळ जवळ लोपली. पुढें ज्यांस ती हवी झाली, त्यांस जुन्या नळ्याच तपासून तिचा माग काढावा लागला. अशा वेळीं वस्तु हाच ग्रंथ असतो. म्हणून तिच्यांत मागाहून घातलेला तुकडा हा पोथींत मागाहून घातलेल्या पानासारखा घातक ठरतो.

येथेंच आमच्या वाचकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. पूर्वीं चकमकी बंदुकीचा मोडका चांप दुरुस्त करावयाचा तर कारागीर नवा तुकडा घडवी, आणि त्याचा हात वेगळा असल्यानें तो तुकडा ओळखूं येई. आतां दुसऱ्या बंदुकीच्या शाबूत चांपाची किरणांनीं मापें घेऊन तंतोतंत तसाच भाग उठवितां येतो. झिजलेला कांठ, पडलेला टवका व अस्पष्ट झालेलें अक्षर हेंहि त्यांत जसेंच्या तसें उतरूं शकतें. लेखक निष्काळजी असल्यानें नकलेंत ज्या चुका होतात त्यांवरून आपण पोथ्यांची परंपरा लावतों. जी नक्कल चुकतच नाहीं, तिची परंपरा लावण्यास आकाराचा आधार पुरत नाहीं.

तथापि परीक्षक निरुपाय झालेला नाहीं. आकार फसवील, पण धातूचें पोट सहसा फसवीत नाहीं. जुन्या भट्टींतील घडीव लोखंडांत मळीचे बारीक तंतु घणाच्या दिशेनें लांबलेले असतात. भुकटींतून उठविलेल्या धातूंत ते नसतात. त्याऐवजीं तेथें वितळलेल्या ठिपक्यांच्या माशाच्या खवल्यांसारख्या ओळी किंवा अत्यंत सूक्ष्म छिद्रें सांपडूं शकतात. मात्र तापवून संस्कार केल्यावर त्या ओळी पुसट होतात, आणि त्या पाहण्यास वस्तूचा पृष्ठभाग घासून आम्ल लावावें लागतें. दुर्मिळ वस्तूवर असा प्रयोग करूं नये. त्याहून क्षकिरणांनीं घटकद्रव्यें तपासणें निर्धोक होय. न गंजणारें पोलाद विसाव्या शतकाच्या आरंभींचें. ज्या चांपावर १७८० साल कोरलें आहे त्यांत शेंकडा १७ क्रोमियम निघालें, तर अधिक वाद उरत नाहीं. बनविणारानें साधें लोखंड वापरलें असल्यास मात्र मळीच्या तंतूंकडे व छिद्रांकडेच पाहावें लागेल.

दुसरी बाब कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ अन्वयें परवान्यावांचून बंदूक तयार करणें, तींत फेरफार करणें, ती दुरुस्त करणें वा तिची चाचणी घेणें यांस मनाई आहे. रीति नवी म्हणून ही मनाई सुटत नाहीं. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्यें जुन्या घाटाच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या अथवा नादुरुस्त शस्त्रांस सवलत आहे. परंतु दुरुस्तीनें किंवा दुरुस्तीवांचूनहि जें बंदूक म्हणून वापरतां येणार नाहीं त्यासच ती सवलत लागते. दुरुस्तीची शक्यता हीच जेथें कसोटी, तेथें काल जें दुरुस्त होण्यापलीकडचें होतें तें आज तसें राहिलें आहे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. म्हणून मोडक्या बंदुकीस नवा चालता भाग बसविण्याचा मोह संग्राहकानें टाळावा. प्रदर्शनासाठीं रिकामी जागा भरावयाचीच असेल तर ती लांकडानें किंवा लाखेनें भरावी. त्यांत वस्तूचें व मालकाचें दोघांचेंहि हित आहे.

आमची सूचना इतकीच कीं, प्रत्येक संग्रहाच्या नोंदवहींत शस्त्राच्या सुट्या भागांचा स्वतंत्र रकाना असावा. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, केव्हां बदलला व कोणत्या रीतीनें, हें त्यांत लिहावें. नव्यानें घातलेल्या प्रत्येक तुकड्यावर, दर्शनी बाजूस नव्हे पण काढतांच दिसेल अशा जागीं, साल व खूण कोरावी. वस्तूचीं मापें घेऊं दिलीं असल्यास तीं कोणास दिलीं हेंहि नमूद करावें, कारण यापुढें मापांची फाईल म्हणजे दुसरी प्रतच होय. हा कांहीं नवा निर्बंध नव्हे. लोखंडाचें वजन, ठिकाण, कारागीर, साल व अंक कोरण्याचा जो नियम अकबराच्या कारखान्यांत पाळला जात होता, तोच आपल्या शस्त्रागारांत चालू ठेवावयाचा आहे. ज्यांच्या संग्रहीं जुन्या बंदुका आहेत त्यांनीं हें काम शक्य तितक्या लौकर हातीं घ्यावें. आज कोणता भाग मूळचा हें सांगूं शकणारीं माणसें आहेत, तोंवरच तें लिहून ठेवितां येईल.