फवारणीआधी फट बुजवा

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीला लागणारी अनेक रसायने तयार होतात. नवे औषध माणसाला देण्याआधी ते कितपत सुरक्षित आहे, हे अजूनही बहुतेक वेळा पांढरे उंदीर, ससे, गिनीपिग अशा प्राण्यांवर तपासले जाते. हे प्राणी ज्या प्राणीगृहात ठेवतात, तिथे तापमान, दमटपणा, उजेड आणि खाद्य सारे काही मोजूनमापून असते. अशा ठिकाणी झुरळ दिसले, तर मात्र मोठा पेच पडतो. घरात आपण लगेच फवारा मारतो. प्राणीगृहात तो मारला, तर अनेक महिन्यांचा प्रयोग वाया जाऊ शकतो.

झुरळाला तसेच सोडूनही चालत नाही. गटारातून आलेले झुरळ पायांवर आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू आणते. बाहेरचा उंदीर जंत, गोचिडासारखे बारीक परजीवी आणि विषाणू घेऊन येतो. यकृताला बाधा करणारा उंदरांचा एक विषाणू मोठ्या उंदरांत अनेकदा कसलेही लक्षण दाखवत नाही. प्राणी धडधाकट दिसतो, पण त्याची प्रतिकारशक्ती बदललेली असते. मग रक्तातला बदल औषधाने झाला की विषाणूने, हे कळायला मार्ग उरत नाही.

फवारणीचा घोटाळाही असाच आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जासंस्थेला आवश्यक असलेल्या एका विकराचे काम रोखतात. काही कीटकनाशकांमुळे यकृतातील विकरे अधिक जोमाने काम करू लागतात. त्यामुळे औषध शरीरात लवकर मोडते आणि त्याचा परिणाम प्रत्यक्षाहून कमी भासतो. उंदीर पळवणारी ध्वनियंत्रेही इथे निरुपयोगी. माणसाला न ऐकू येणारा तो आवाज पिंजऱ्यातल्या उंदरांना ऐकू येतो आणि तेही बिथरतात.

परळची शिकवण

कीड नेमकी येते कुठून आणि पोहोचते कशी, हे आधी शोधायचे, ही शिस्त मुंबईला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा सुरू केली. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

प्लेग उंदरांकडून माणसाकडे कसा येतो, यावर तेव्हा मोठा वाद होता. पिसूमुळे तो पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले होते, पण अनेकांना ते पटले नव्हते. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळमध्ये याची कसून तपासणी केली. त्यासाठी खास खोल्या बांधल्या. पिसवा नसलेल्या खोलीत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, तरी रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. पिंजरा जमिनीपासून दोन फूट उंच टांगला, तर आतला प्राणी वाचला. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला वाचला नाही. प्लेग झालेल्या घरांत पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट थर लावून पाहिला. पिसू एवढी लांब उडी मारू शकत नाही, ती चिकटून राहिली आणि आतले प्राणी सुरक्षित राहिले.

या प्रयोगांत संरक्षण मिळाले ते विषाविना. पिसू किती उडते हे मोजले आणि तिची वाट अडवली.

पहारा आधी, औषध शेवटी

शेतकऱ्यांच्या ओळखीचे एकात्मिक कीड व्यवस्थापन प्राणीगृहात याच क्रमाने चालते. सुरुवात इमारतीपासून होते. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत शिरतो. म्हणून दाराखालची फट सहा मिलिमीटरहून कमी ठेवतात, पाइपांभोवतीची भोके बुजवतात आणि गटारांना जाळ्या बसवतात. खाद्याची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचतात आणि आधी आलेले पोते आधी वापरतात. पिंजऱ्यात अंथरायचा भुसा वाफेच्या दाबाखाली तापवून घेतात. त्यात किड्यांची अंडीही मरतात.

यानंतर येतो पहारा. कोपऱ्यांत कीटकांसाठी चिकट पट्ट्या ठेवतात आणि त्यांवर काय, किती आणि कुठे सापडले, याची नोंद ठेवतात. एकाच खोलीत झुरळे वाढली, तर बहुधा तिथली नळी गळत असते. उंदरांसाठी जिवंत पकडणारे सापळे लावतात, कारण सापडलेला उंदीर पिंजऱ्यातून निसटलेला प्रयोगाचाच असू शकतो. एवढे करूनही कीड हटली नाही, तरच फटीत भरायचे आमिष वापरतात. तेही प्राण्यांपासून दूर आणि संशोधकाला आधी कळवून.

या काळजीमागे प्राण्यांचाही विचार आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेली केंद्र सरकारची समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. एक प्रयोग बिघडला की तो पुन्हा करावा लागतो, म्हणजे आणखी तितक्याच जिवांवर.

हाच क्रम घरातही उपयोगी पडतो. कुळगाव-बदलापुरात पावसाळ्यात उल्हास नदीचे पाणी चढले, की बिळांतले उंदीर कोरडी जागा शोधत घरांकडे वळतात. सिंकखालच्या पाइपाभोवतीचे भोक तारेची घासणी कोंबून सिमेंटने बुजवावे, दाराखाली पट्टी बसवावी, पीठ-तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावेत आणि ओला कचरा रात्रभर उघडा ठेवू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांत ताप आला, तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे.