दीर्घशृंखल रेणूंची घडी

पॉलिएथिलीनचा झायलीनमधील अतिविरल, ऊन विद्राव सावकाश निवू दिला असता त्यातून समभुज चौकोनी आकाराचे सूक्ष्म स्फटिक बाहेर पडतात. १९५७ साली ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी असे स्फटिक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासले. प्रत्येक स्फटिक म्हणजे सुमारे १०० अँगस्ट्रॉम जाडीचा पापुद्रा असून रेणूंच्या शृंखला त्याच्या पृष्ठाला जवळजवळ लंब असतात, असे त्यांस आढळले.

या दोन गोष्टींचा मेळ घालणे सोपे नव्हते. एक लक्ष रेणुभाराचा रेणू सरळ ताणला, तर त्याची लांबी सुमारे ९,००० अँगस्ट्रॉम भरते. इतका लांब रेणू इतक्या पातळ पापुद्र्यात उभा राहावयाचा, तर त्याने पृष्ठाशी पोहोचताच मागे वळले पाहिजे. आणि तेही पुनःपुन्हा. घडीच्या कल्पनेचा उगम या साध्या हिशेबात आहे.

परंतु रेणू घडी का घालतो? ऊर्जेच्या दृष्टीने पाहता सरळ शृंखलांचा जाड स्फटिकच अधिक स्थिर होय. कारण प्रत्येक वळणासाठी ऊर्जा खर्ची पडते. मात्र सर्वाधिक स्थिर रचना हीच सर्वाधिक शीघ्र घडणारी रचना असते, असे नाही. संपूर्ण शृंखला सरळ होऊन बसण्यापेक्षा तिचा आखूड भाग स्फटिकाच्या कडेस चिकटणे पुष्कळ सुलभ असते. १९६०च्या सुमारास लॉरिट्झन व हॉफमन यांनी या विचारास गणिती रूप दिले. द्रवणांकाच्या खाली जितके अधिक शीतन, तितका पापुद्रा पातळ, हा अनुभव त्याच्याशी जुळतो. उलटपक्षी, तयार स्फटिक द्रवणांकाच्या जवळ तापवून ठेवल्यास त्यांची जाडी वाढते. तात्पर्य, घडी ही स्थैर्याची नव्हे, तर त्वरेची खूण आहे.

रेणू लगतच्याच जागी परततो की दूर जाऊन शिरतो, याविषयी मात्र दीर्घकाळ वाद झाला. वितळलेल्या द्रव्यापासून बनणाऱ्या स्फटिकांत पुनःप्रवेश बहुधा यदृच्छेने होतो, असे फ्लोरी यांनी १९६२ साली प्रतिपादिले. तथापि, बाहेर पडणाऱ्या सर्वच शृंखला अव्यवस्थित भागात सामावण्याइतकी जागा तेथे नसते. म्हणून त्यांतील बऱ्याचशा जवळच परतणे भाग आहे.

१९८५ साली नेमक्या लांबीच्या पॅराफिनांवरील प्रयोगांनी घडीस निर्विवाद पुरावा दिला. १०२ कार्बन अणूंची शृंखला सरळच राहिली. १५० व त्याहून अधिक अणूंच्या शृंखलांत घडी दिसू लागली.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. पॉलिएथिलीनचे बळ शृंखलेच्या दिशेत असते आणि घडीमुळे ते बव्हंशी वाया जाते. म्हणूनच बळकट तंतू बनविताना शृंखला ओढून सरळ करण्याचा खटाटोप करावा लागतो.